तारीख पहिल्या पानावर, भांडण धुऱ्यावर

ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची एक ठरलेली रीत आहे. माणूस उभा राहतो, आपण पूर्वी कसे होतो ते सांगतो, अमुक दिवशी प्रभू भेटला म्हणतो आणि ‘तेव्हापासून मी नवा झालो’ असं सांगून खाली बसतो. मंडळी ‘आमेन’ म्हणते. त्याच्या घरची माणसं मात्र पुष्कळदा खाली मान घालून बसलेली असतात. माणूस एका दिवसात बदलतो की जन्मभर बदलत राहतो, हा वाद त्या ‘आमेन’चा आणि त्या खाली घातलेल्या मानेचा आहे.

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांना तो परका नाही. अकोला-खामगाव भागात काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनची शिकवण येशूची ओळख चार अंगांनी करून देते : तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि पुन्हा येणारा राजा. तारण आणि पवित्रीकरण वेगवेगळं सांगितलं की पहिलं झाल्यावर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

खालचा संवाद मोताळ्यात, एका ओसरीवर, रविवारच्या उपासनेनंतर झाला असं समजावं. आत्या मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. भाचा कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारा शेतकरी. दोघंही कल्पित. त्यांनी दिलेले इतिहासातले आणि शास्त्रातले दाखले मात्र खरे आहेत.

भाचा : आत्या, आज माझी साक्ष झाल्यावर सगळ्यांनी येऊन हात मिळवला. तू एकटी तशीच निघून आलीस.

आत्या : चहा घे आधी. साक्ष चांगली दिलीस. तारीख सांगितलीस, शिबिराचा मांडव सांगितलास, डोळ्यांतलं पाणीही सांगितलंस. ती तारीख बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे हेसुद्धा सांगितलंस. एक मात्र राहिलं. तिसऱ्या बाकावर तुझा थोरला भाऊ बसला होता. त्याच्याशी बोलणं सुरू केलंस का?

भाचा : ते धुऱ्याचं प्रकरण वेगळं आहे. दादानं धुरा कोरला. माझ्या वावरातली दोन तासं गेली. भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज टाकलाय. त्याचा माझ्या तारणाशी काय संबंध?

आत्या : तूच म्हणालास ना, जुना मी मेलो म्हणून? मेलेल्या माणसाला दोन तासांची काहून पडावी?

भाचा : थट्टा करू नको. शास्त्रात बघ. जक्कय एका भेटीत बदलला. क्रूसावरच्या चोराला तर पुरता दिवससुद्धा मिळाला नाही आणि त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं. पौल दिमिष्काच्या वाटेवर पडला तो छळ करणारा होता, उठला तो दास होऊन. यात ‘हळूहळू’ कुठं आहे ते दाखव.

आत्या : जक्कय बरा काढलास. त्यानं साक्ष कशी दिली? डोळ्यांतल्या पाण्याची एक गोष्ट नाही सांगितली. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत, असा सरळ हिशेब मांडला. मन एका भेटीत फिरलं हे कबूल. पण ज्यांना नाडलं त्यांची घरं शोधत हिंडायचं, दार वाजवायचं, पैसे मोजून द्यायचे, वर चार शब्द ऐकून घ्यायचे, हे का एका दिवसाचं काम आहे? लूक ते सांगत बसला नाही, जक्कयाला मात्र करावंच लागलं असणार.

भाचा : आणि पौल?

आत्या : गलतीकरांच्या पत्रात तो स्वतःच लिहितो. दिमिष्कानंतर अरबस्तानात गेला, परत दिमिष्काला आला, आणि तीन वर्षांनी यरुशलेमेत पेत्राला भेटायला गेला. त्या तीन वर्षांवर तो एक ओळ खर्च करतो. आपण दिमिष्काच्या वाटेवर शंभर उपदेश ऐकलेत, अरबस्तानावर किती ऐकलेत?

भाचा : पण अरबस्तानात गेला तो दिमिष्क घडलं म्हणून. तोंड एकदा फिरलं म्हणून पुढची वाट निघाली. तू फिरण्याचा दिवसच पुसून टाकायला निघालीस.

आत्या : दिवस पुसत नाही. तोंड फिरलं, पण स्वभाव? दिमिष्कानंतर कितीतरी वर्षांनी हाच पौल बार्णबाशी भांडला. सगळी मंडळी त्याला भीत होती तेव्हा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा हाच बार्णबा. वाद कशावरून, तर योहान मार्काला बरोबर न्यायचं की नाही. वाद इतका पेटला की दोघं दोन वाटांनी गेले. आणि पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच मार्क उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असा निरोप आहे. भांडणापासून या निरोपापर्यंत मध्ये किती पाणी वाहून गेलं असेल, विचार कर.

भाचा : बरं, मी माझ्या कामातलं सांगतो. पऱ्हाटी बघ. बोंड किती दिवस बंद असतं. उमललं की मात्र डोळ्यांदेखत पांढरं. काल हिरवं, आज कापूस. अर्धं बोंड, अर्धा कापूस असं कोणी बाजारात नेत नाही. नवा जन्म तसा आहे.

आत्या : एका बोंडाचं खरं आहे. सगळी पऱ्हाटी एका दिवशी फुटते का? खालच्या फांद्यांची बोंडं आधी, वरची मागून. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी, मग दुसरी, मग तिसरी. त्याच झाडावर एकीकडे कापूस लोंबतो आणि एकीकडे फूल असतं. तुझी प्रार्थना फुटली, दारू सुटली, ही खालची बोंडं. धुरा अजून हिरवा आहे.

भाचा : मग आता पुढचंही ऐक, वेचणीवर तूच आलीस म्हणून. अजून थोडा निघेल, अजून थोडा निघेल म्हणत पऱ्हाटी उभी ठेवली की काय होतं? फरदड. डिसेंबरनंतर पीक उभं राहिलं की गुलाबी बोंडअळीला घर मिळतं आणि पुढच्या हंगामाचा सत्यानाश होतो. कृषी खातं दर वर्षी बोंबलून सांगतं, वेळेत काढा. तुमच्या ‘हळूहळू’नं तेच केलं. शंभर वर्षांवर झाली वऱ्हाडात मंडळ्या होऊन. अजून सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय? ‘मूळचे कोणते?’ एका भाकरीतून प्रभुभोजन घेतात आणि पोरीसाठी घर बघताना जात शोधतात. पाळकसाहेब म्हणतात, समाज बदलायला वेळ लागतो. हा वेळ आहे की अळी?

आत्या : (थोडं थांबून) हे खरं बोललास. याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाचा : पेत्राचंच बघ. कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी जाऊन आलेला माणूस. अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंक्तीला बसायचा. यरुशलेमेकडचे चार लोक आले आणि हळूच पंगतीतून उठला. तेव्हा पौल काय म्हणाला? पेत्र अजून वाढतोय, जरा सांभाळून घ्या? भर मंडळीत तोंडावर सांगितलं, हे चुकीचं आहे.

आत्या : म्हणजे प्रेषितसुद्धा पुढे जाऊन मागे येतो, हे तूच शास्त्रातून दाखवलंस. पेन्टेकॉस्टच्या दिवशी आत्म्यानं भरलेला माणूस होता तो.

भाचा : आणि मागे आला तर कोणी चालवून घेऊ नये, हेही दाखवलं.

आत्या : दोन्ही घेते. पण ही पंगत प्रत्यक्षात कशी सुटते ते बघायचं तर अंत्युखियाला जायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलंस?

भाचा : शाळेत एक धडा होता.

आत्या : धड्यानं भागत नाही. तिचे वडील सोवळ्याचे इतके कडक की बाजारातली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. ती त्या घरात वाढली. नवरा, नारायण वामन टिळक, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतो. हिच्यावर आभाळ कोसळतं. काही वर्षं दोघं वेगळी राहतात. मग ती मुलाला घेऊन नवऱ्याकडे येते, पण येते ती आपलं सोवळं घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात हिची चूल बाजूला. टिळक शीघ्रकोपी माणूस, पण या बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. एके दिवशी तिच्याच मनात विचारांची साखळी सुरू होते : ही जात केली कोणी? देवानं केली असती तर पशुपक्ष्यांसारखी माणसामाणसांत खूण ठेवली असती. विचार टोकाला जातो आणि ती ठरवते, आता कोणाच्याही हातचं खाईन, पिईन. तिचा बाप्तिस्मा झाला 1900 साली. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

भाचा : बघ, इथंही ‘एके दिवशी’च आलं. बाईनं ठरवलं त्या दिवशी सोवळं संपलं. उद्यापासून फक्त पाणी घेते, पुढच्या वर्षी भाकरी घेईन, असं नाही म्हणाली.

आत्या : तो दिवस आला कसा? तिच्या शेजारी एक माणूस रोज ख्रिस्ती म्हणून जगत होता, भांडत होता, चुकत होता, माफी मागत होता. ती मुलखाची तीक्ष्ण नजरेची बाई ते सगळं बघत होती. नुसत्या उपदेशानं ती चूल हलली नसती.

भाचा : आणि खुद्द टिळक? त्यांना तर एका प्रवासानं धरलं.

आत्या : 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला, त्यानं नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल म्हणाला. ते मधलं दोन वर्षांचं वाचन, डोंगरावरचं प्रवचन, नोकरीची ओढाताण, घरच्यांचा विचार, हे सगळं कुठं टाकशील? त्याच्याही आधीचा तुकोबा कुठं टाकशील? तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक सांगत. बाप्तिस्म्यानंतरही संपलं नाही. मिशनमध्ये मान होता, पगार होता. 1917 साली तो पगार सोडला आणि देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. 1895 ला मिळालेला ख्रिस्त त्यांना 1917 ला नवं काही मागत होता.

भाचा : मग मी पंडिता रमाबाई काढतो. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडात वाँटेजला लेकीसह बाप्तिस्मा. शिकलेली, संस्कृत मुखोद्गत, प्रश्न विचारून विचारून आलेली बाई. तुझ्या मताप्रमाणे हळूहळू वाढायला हवी होती. पण आठेक वर्षांनी, 1891 च्या सुमारास, तिला उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नव्हता. तिच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन आलं. तो तर स्वतःचाच उपदेश करता करता व्यासपीठावर बदलला होता. तिला कळलं की इतकी वर्षं आपण उंबरठ्याबाहेरच. तिनं शरणागती पत्करली आणि आत आली. वर्षं मोजून माणूस आत येत नाही आत्या.

आत्या : रमाबाईची साक्ष मीही वाचली आहे, 1907 साली लिहिलेली. तिच्या त्या वाक्यापुढे मी हुज्जत घालणार नाही, अनुभव तिचा आहे. पण त्या आठ वर्षांतच 1889 ला तिनं विधवांसाठी मुंबईत शारदा सदन उघडलं. देवाचा हात त्या वर्षांत तिच्यावर नव्हता म्हणशील? आणि 1891 नंतरचं बघ. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी पोरी केडगावला आणल्या. इतकं करूनही 1905 च्या सुरुवातीला ती मुलींचे गट करून प्रार्थनेला बसवते, अजून आत्म्याची ओतणी हवी म्हणून. म्हणजे ख्रिस्त सापडल्यावर चौदा वर्षांनीही तिला वाटतं, अजून पुष्कळ बाकी आहे. त्यानंतर केडगावच्या तिच्या मुक्ती मिशनमध्ये ती प्रसिद्ध आत्मिक जागृती झाली. मग काय, थांबली? हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसली, 5 एप्रिल 1922 ला गेली तोवर.

भाचा : तरी तिच्या प्रत्येक वळणाला साल आहे. 1883, 1891, 1905.

आत्या : मधल्या वर्षांना नाव नाही म्हणून ती नव्हतीच का?

भाचा : जॉन वेस्लीला तर साल नाही, तारीख आहे. 24 मे 1738, लंडनचा ऑल्डर्सगेट रस्ता. आधीच पाळक होता, मिशनरी म्हणून अमेरिकेत जाऊन आला होता, आतून कोरडा. त्या संध्याकाळच्या सभेत मन पेटलं. पुढची सगळी मेथॉडिस्ट चळवळ त्या संध्याकाळची.

आत्या : त्याच वेस्लीची जानेवारी 1739 ची रोजनिशी वाच. आपण आता ख्रिस्ती नाही, असं स्वतःबद्दल लिहितो. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यानं काय केलं? तारीख खोडली नाही आणि तारखेवर झोपलाही नाही. गटागटानं माणसं बसवली. आठवड्याला एकमेकांना विचारायचं, या आठवड्यात काय चुकलं, कुठल्या मोहात पडलास. मेथॉडिझमची खरी ताकद त्या आठवड्याच्या बैठकीत होती.

भाचा : एक विचारू? मला भीती वेगळीच आहे. ‘हळूहळू पवित्र होणं’ म्हणजे पुन्हा आपल्याच कर्मांनी तारण मिळवणं झालं. आज इतकं सुधारलो, उद्या तितकं. मग कृपा कशाला? येशूनं क्रूसावर काम पुरं केलं ना?

आत्या : पुरं केलं, म्हणून तर करता येतं. फिलिप्पैकरांना पौल एका दमात दोन्ही सांगतो : भीत कापत आपलं तारण साधून घ्या, आणि हेही की तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देव आहे. आपल्या अलायन्स मिशनचं चिन्ह आठवतं? क्रूस, गंगाळ, तेलाचं पात्र, मुकुट. क्रूस असताना गंगाळ काहून? मोशेच्या काळी दर्शनमंडपाच्या अंगणात वेदी आणि मंडप यांच्या मध्ये पितळी गंगाळ असे. अर्पण करायला जाताना याजकानं दर खेपेला हातपाय धुवायचे, नाहीतर मरण. याजक म्हणून अभिषेक एकदाच. धुणं मात्र रोजचं. 1887 ला अलायन्सचं काम सुरू करणारे ए. बी. सिम्पसन पवित्रीकरणाची खूण म्हणून तेच गंगाळ दाखवत.

भाचा : सिम्पसन पूर्ण समर्पणाचा एक ठाम क्षणही सांगत. ते तू गाळलंस.

आत्या : नाही गाळत. क्षण सांगत, आणि त्या क्षणानंतर ख्रिस्तात रोज राहणंही सांगत. मार्कात बेथसैदाचा आंधळा आहे बघ. येशूनं हात ठेवले, विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशूनं पुन्हा हात ठेवले, मग स्पष्ट दिसलं. एका शब्दानं मेलेल्याला उठवणाऱ्याला एका स्पर्शात डोळे देता आले नसते का? त्यानं दोनदा हात ठेवले. आणि त्या माणसाचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. सगळं नीट दिसतं असं खोटं सांगितलं नाही त्यानं.

भाचा : म्हणजे मी आज खोटं सांगितलं?

आत्या : तू अर्धं सांगितलंस. तुला माणसं दिसतात, फक्त दादा अजून झाड आहे.

भाचा : मोजणी होऊ दे. खुणा पडू दे. दगड कुठं येतो ते कळलं की मी स्वतः जाईन दादाकडे. अशा गोष्टी एका दिवसात होत नसतात आत्या.

आत्या : (हसत) पुन्हा म्हण.

भाचा : काय?

आत्या : तासाभरापासून मी हळूहळू म्हणते आणि तू एका दिवसात म्हणतोस. धुऱ्याशी आलास आणि एका दिवसात होत नाही म्हणालास. डोंगरावरच्या प्रवचनात काय आहे? वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी भावाशी समेट कर. मोजणीच्या निकालापर्यंत थांब, असं त्यात नाही. चूक कोणाची ते आधी ठरवा, असंही नाही.

भाचा : मग तुलाही विचारतो, राग मानू नको. माझ्या बहिणीच्या लग्नाला तू काहून आली नाहीस? मुलगा विश्वासातला, शिकलेला, मंडळीत भजन म्हणतो. फक्त ‘मूळचा’ आपल्यातला नव्हता.

आत्या : गुडघे दुखत होते.

भाचा : त्याच महिन्यात तू अकोल्याला महिला संमेलनाला गेली होतीस.

आत्या : ...गुडघे दुखत होते हे खरं आहे. तेवढंच खरं नाही.

भाचा : ताईनं दोनदा बोलावलं तुला घरी. तू म्हणतेस, जाईन सावकाश.

आत्या : सावकाश. हो, म्हटलं मी तसं. शब्द माझाच आहे, आणि अळी त्यातच आहे.

भाचा : मग?

आत्या : मग काय. तू आज संध्याकाळी दादाकडे जा. जमिनीचं नंतर, आधी चहा मागून पी. आणि जाताना ताईला फोन लावून दे मला. तिच्या नवऱ्याच्या हातचं जेवायला येते म्हणावं, याच आठवड्यात.

भाचा : आणि दादानं दार लावून घेतलं तर?

आत्या : तर उद्या पुन्हा जा. हळूहळू म्हणतात ते याला.

संवाद इथं थांबवतो, कारण दोघांनीही वादातली आपापली बाजू सोडून आपापलं दुखणं उघडं केलं आहे.

एका क्षणात की हळूहळू, हा प्रश्न धर्मशास्त्राचा म्हणून विचारला तर दोन्ही बाजूंना वचनं सापडतात आणि वाद पिढ्यानपिढ्या चालतो. माणूस या दोन्ही उत्तरांचा उपयोग कसा करतो, ते पाहिलं की खरी अडचण दिसते. जे पाप सुटलं त्याला तारीख लावायची आणि जे सोडवत नाही त्याला ‘वेळ लागतो’ म्हणायचं. भाच्याला दारूच्या बाबतीत दिमिष्क हवं असतं आणि धुऱ्याच्या बाबतीत मोजणीची तारीख. आत्याला भाच्याच्या भांडणात डोंगरावरचं प्रवचन हवं असतं आणि जातीच्या बाबतीत गुडघेदुखी. दोघांचीही शिकवण बरोबर आहे, लावण्याची जागा चुकली आहे. ‘एका क्षणात’ हे आज करायच्या कामाला लावावं आणि ‘हळूहळू’ हे दुसऱ्याच्या चुकीला. आपण नेमकं उलटं करतो.

लक्ष्मीबाईंचं सोवळं, रमाबाईंची तीन वळणं, टिळकांचा 1917 चा राजीनामा यांतून एक गोष्ट निर्विवाद दिसते. वाढलेली ही माणसं कुठल्या ना कुठल्या दिवशी काहीतरी ठोस करत राहिली : कोणाच्या तरी हातचं पाणी प्यायली, दुष्काळी मुलखात गेली, पगार सोडला. ज्यात असं एकही काम दिसत नाही त्या संथपणाला वाढ म्हणू नये. आणि पुढच्या कामाची तयारी नसलेल्या तारखेला नवा जन्म म्हणू नये.

मंडळीतल्या वाचकांना एक विनंती. पुढच्या खेपेला साक्ष द्यायला उभे राहाल तेव्हा तारीख जरूर सांगा, पण तिच्यासोबत एक नावही सांगा : ज्याच्याशी समेट केला त्याचं, ज्याचं परत केलं त्याचं, किंवा ज्याच्या घरी पहिल्यांदा जेवलात त्याचं. नाव सांगता येत नसेल तर साक्ष एक आठवडा पुढे ढकला आणि तेवढ्यात ते काम करून या.